तेविसावी ओ

चिखली, १९ डिसेंबर १९६४

चि. झुंबर,

आशीर्वाद. सासरी सांगणं नाही, मंडळाला अर्ज नाही, मला चार ओळींची चिठ्ठी नाही, आणि तू सरळ एस.टी.त बसून लोणारला भावाकडे निघून गेलीस. हे मला कंडक्टरकडून कळावं? दोन वर्षं हाताला धरून तुला सेविका केली, त्याचं हेच का फळ?

केसर बरी आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण रागाने पेन दुसरीकडेच गेलं. ताप उतरला. वर्ग भरतो त्या कापसाच्या कोठ्यात रात्रभर ओरडून घसा बसलाय, तो आठ दिवसांत सुटेल असं डॉक्टर म्हणतात. बोलत नाही, पण जेवते.

सोबत एक कागद पाठवते आहे. त्यावर लिहिलंय, "मी, झुंबरबाई, सावळदरा येथील सांजवर्गाची सेविका, शुक्रवार ता. ११ रोजी निघतेवेळची हजेरी न घेता कोठ्याला कुलूप लावले. त्यामुळे केसर नावाची सात वर्षांची मुलगी आत राहिली." खाली सही कर आणि परत पाठव. तुला लिहिता येतं, अंगठ्याची गरज नाही, याचा तरी मला अभिमान वाटू दे.

तुला माझा पहिला धडा आठवतो का? शाळा पाचला सुटते आणि आया कापूस वेचून दिवेलागणीला घरी येतात. मधले ते दोन तास पोरांना कोणीच नसतं, म्हणून आपला सांजवर्ग. गाणी-गोष्टी नंतर, आधी पोर सुखरूप. त्यासाठी मी कागद-पेन्सिल न लागणारी हजेरी बसवली, येताना एक, जाताना एक. आधी नाव, मग ओ, मग उंबरा. नाव घ्यायचं, पोराने ओ द्यायची, मगच त्याचं पाऊल बाहेर पडायचं. नऊ गावांत नऊ सेविका हे रोज करतात आणि आजवर एक पोर हरवलं नाही. तुझ्याच गावात कसं हरवलं, याचं उत्तर या कागदाशिवाय मला तरी दिसत नाही.

शनिवारी ९ जानेवारीला कमिटी बसणार आहे. सही असली तर समज देऊन सोडू, असं आपले सेक्रेटरी नारायणराव म्हणतात. नसली तर तुझं नाव कायमचं कमी होईल, आणि नऊही वर्ग बंद करा म्हणणारे तयारच बसलेत. मी तुझ्या बाजूनेच बोलेन. पण बोलायला काही हातात तर हवं.

तुझी
गीताबाई


चिखली, २८ डिसेंबर १९६४

झुंबर,

कागद कोराच परत आला. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात दोन वाक्यं. "बाई, मी हजेरी घेतली होती. तुम्ही हसल्या होत्या."

वाचून माझं डोकंच फिरलं. मी कधी हसले? कशाला हसले? तसंच लिहून पाठवणार होते. चूक करायची ती करायची आणि वर मास्तरणीवर ढकलायची, असंही लिहिलं होतं. तो कागद फाडला. हा दुसरा.

मला आठवतंय.

सहा नोव्हेंबरला मी तुझ्या वर्गाच्या तपासणीला आले होते. उत्तमरावांच्या कोठ्याच्या पुढच्या खोलीत पोरं रांगेने बसलेली. मागच्या खोलीत कापसाचा ढीग, मधल्या दाराला कडी नाही. ती कडी बसवा म्हणून मी मंडळाला दोनदा लिहिलं होतं, हेही सांगून ठेवते. तू नावं पुकारलीस. मी बोटांवर मोजत होते. नावं बावीस झाली, पोरं तेवीस. तू गप्प झालीस आणि कोपऱ्यातल्या एका बारक्या पोरीकडे नुसती बघत राहिलीस. तिने हाकेची वाट न बघता आपली आपणच ओ ठोकून दिली, आणि सगळी पोरं फिदीफिदी हसली.

मी विचारलं, हिचं नाव काय? तू लाल झालीस. शेवटी एक पोरगं म्हणालं, "बाई, तिचं नाव केसर हाये. काकूच्या सासूचं बी तेच हाये. काकू कसं घेईन?"

आणि मी हसले. हो, हसले. पोटभर हसले. सासूचं नाव सून घेत नाही हे मला नवीन होतं थोडंच? पण सात वर्षांच्या चिमुरडीलाही त्या नावाचा एवढा मान मिळावा, याची मला गंमत वाटली. "हाक नसताना ओ! ही तर तुझी सगळ्यांत शहाणी विद्यार्थिनी," असं काहीतरी मी म्हणाले. म्हणाले ना?

पण झुंबर, हसणं म्हणजे परवानगी नव्हे. तुला नियम पाठ होता. बाई हसल्या म्हणून नियम सुटला, असं कमिटीला सांगून बघ, काय म्हणतात ते. सही कर. अजून वेळ आहे.

गीताबाई


चिखली, ४ जानेवारी १९६५

झुंबर,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हेही कळलंय. तरी लिहिते आहे, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

काल सावळदऱ्याला जाऊन आले. नारायणराव म्हणाले, पोरांचे जबाब घ्या. घेतले. त्या शुक्रवारी काय झालं ते आता मला तुझ्याइतकंच माहीत आहे. लपाछपी चालली होती. केसर मागच्या खोलीत कापसात शिरली, थंडीचे दिवस, ऊब लागली, डोळा लागला. तू निघतेवेळची हजेरी घेतलीस. बावीस नावं, बावीस ओ. मग तू रोजच्यासारखी थांबलीस. दाराशीच्या गर्दीतून, अंधारात, तेविसावी ओ आली. तू कुलूप लावलंस.

ती ओ पुष्पीने दिली होती, केसरची शेजारीण. तिनेच मला सांगितलं, नाकाचा शेंबूड पुसत. "केसर गेली असन घरी, आन काकू वाट पाहून राह्यली, म्हून म्या देल्ली." मदत म्हणून दिली गं तिने! नावच नव्हतं, त्यामुळे ओ कुणीही दिली तरी चालली. नाव घेतलं असतंस तर पुष्पीने कशाला तोंड उघडलं असतं? केसरच्या आईला वाटलं, पोरगी मावशीकडे राहिली. कोठा गावाबाहेर, तिचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. सकाळी गाडी भरायला गडी आले तेव्हा कापसातून हात दिसला.

म्हणजे तू हजेरी घेतली होतीस. मी तुला पाठवलेल्या कागदावर खोटं लिहिलं होतं.

मग मी तुझ्या घरी गेले. तुझ्या सासूबाई, केसरबाई, ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्यांच्याशी कधी फार बोललेले नाही. गावात म्हणतात, त्या आल्या की विहिरीवरच्या बायासुद्धा आवाज खाली करतात. मला वाटलं, तुझ्या नावाने बोटं मोडतील. त्या फक्त म्हणाल्या, "सून अशी नव्हती बाई. कामात मन होतं तिचं. हजेरी काऊन नाई घेतली, मले समजून नाई राह्यलं. इचारलं त खाली मान घालून उभी राह्यली, आन सकाळी घरात नाई."

तेव्हा मला कळलं की तू त्यांना सांगितलंच नाहीस. सांगायचं म्हणजे सासूच्या नावामुळे हे झालं असं म्हणावं लागलं असतं, आणि ते तुझ्या तोंडून निघणार नव्हतं. त्यापेक्षा तू निष्काळजी ठरायला तयार झालीस.

मी सांगू शकले असते. समोर बसले होते, चहा पीत होते. नाही सांगितलं.

आता ऐक. वर्गाच्या फळीवर तपासणीची वही होती. सहा नोव्हेंबरचं पान उघडलं. माझं अक्षर, माझी सही. "मुले तेवीस. तोंडी हजेरी समक्ष पाहिली. चोख आहे." समक्ष पाहिली! तेविसावं नाव घेतलं जात नाही हे मी पाहिलं, आणि चोख म्हणून लिहिलं. का? कारण पुढच्या महिन्यात मंडळाला दाखवायचं होतं की गीताबाईंची पद्धत किती चांगली चालते.

ती वही मी पिशवीत घालून घरी आणली. ज्वारीच्या कोठीत तळाशी ठेवली आहे. नारायणरावांनी विचारलं, वही मिळाली का? म्हटलं, नाही मिळाली.

गीताबाई


चिखली, ८ जानेवारी १९६५

झुंबर,

उद्या कमिटी आहे. आज संध्याकाळी भाकरीला पीठ घ्यायला कोठी उघडली आणि हात वहीला लागला. चूल पेटलेली होती. पान फाडून आत टाकलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

आमच्याकडचे ओसरीवर बसून होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू कशाला गळ्यात घेतेस? ती पोरगी काही बोलणार नाही." तेच तर. तू बोलणार नाहीस हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून माझी हिंमत झाली ना? तू उलटून बोलणारी असतीस तर मी असा कागद पाठवलाच नसता. इतकी वाईट आहे मी, आणि सेविकांना शिकवते की गरीब पोराची बाजू आधी ऐका.

पण झुंबर, नोकरी गेली तर मी काय करू? मला मूल नाही, तुला माहीत आहे. माझे दिवस या नऊ वर्गांवर निघतात. उद्या मला काढलं तर मी संध्याकाळी पाच वाजता कुठे जाऊ?

वही पिशवीत घातली आहे. पुढचं काही ठरवलेलं नाही.

गीताबाई


चिखली, १० जानेवारी १९६५

झुंबर,

काल काय झालं ते सगळं तुला कळायला हवं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मी लिहिते.

अकराला कमिटी बसली. नारायणराव, दोन सदस्य, मी. नारायणरावांनी विषय वाचला आणि म्हणाले, "बाई हजर नाहीत, सही नाही, म्हणजे गुन्हा कबूलच धरायचा. गीताबाई, तुमचं काय म्हणणं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारात केसरबाई उभ्या.

एकट्या आल्या होत्या, एस.टी.ने, डोक्यावरून पदर घेऊन. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. उभ्या उभ्या हात जोडले. गावात कुणापुढे न वाकलेली बाई ती. म्हणाल्या, "साहेब, माह्या सुनेची चूक मोठी हाये. पन तिचं नाव कमी करू नोका. लेकरायवर जीव हाये तिचा. तिच्या पायी म्या तुमच्या पाया पडतो."

आणि खरंच वाकायला लागल्या.

मला ते बघवलं नाही. मी उठले, त्यांना धरलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तिची चूक नाही. तिने हजेरी घेतली होती. तुमचं नाव तेवढं घेतलं नव्हतं."

मग थांबता येईना. पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली, पान उघडून दिलं. हसलेलं सांगितलं. चोख लिहिलेलं सांगितलं. वही कोठीत लपवली तेही सांगितलं. तुला पाठवलेला कागद खोटा होता हेही सांगितलं. नारायणराव एवढे संतापले की वही त्यांनी भिंतीवर मारली. "नऊ गावांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तुम्ही," म्हणाले. खरं आहे.

निकाल असा. तुझ्यावर कसलाच दोष नाही, तसं पत्र मंडळ तुला वेगळं पाठवेल. तपासणीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. संक्रांतीनंतर चौदा नव्या बाया शिकायला येणार आहेत, तेवढी एक तुकडी मी शिकवायची, पुढचं पुढे बघू म्हणाले. बघणार काही नाहीत, मला कळतं. मधल्या दाराला मात्र कडी बसणार आहे. तेविसांपैकी एक कापसात झोपावी लागली तेव्हा कुठे कडी आली.

मग केसरबाई निघाल्या. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. म्हटलं, मला काय बोलायचं ते बोला. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाल्या, "लेकरू रातभर कापसात वरडलं, आन माह्या नावाचा मान राह्यला. असा मान काय करायचा हो बाई?" गाडी आली. पायरीवर चढताना वळून म्हणाल्या, "तिले कळवा. म्या माहं नाव मोकळं केलं."

मी तुझी माफी कशी मागू ते मला कळत नाही. मागते आहे.

गीताबाई


चिखली, २१ जानेवारी १९६५

प्रिय झुंबर,

मंडळाचं पत्र मिळालं असेल. तुझं उत्तर नाही आलं. माझ्यावर राग ठेव, तो तुझा हक्क आहे. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच.

सोमवारी नव्या तुकडीचा पहिला दिवस होता. मी जुना पहिला धडा बदलला. म्हटलं, आधी ते नाव सांगा जे तुम्ही घेत नाही. सासूचं, सासऱ्याचं, नवऱ्याचं, जे असेल ते. उखाण्यात नाही, सरळ, मोठ्याने, हाक मारल्यासारखं. पोरांच्या नावांत ते नाव कधीही निघू शकतं. चौदाच्या चौदा जणींनी माना खाली घातल्या. मग नूरजहां म्हणून मलकापूरकडची एक तरणी बाई आहे, ती फटकन म्हणाली, "बाई, पैले तुमी घ्या."

मी उभी राहिले. एकोणीस वर्षं संसार झाला, झुंबर. सगळ्या पत्रांत बघ, आमच्याकडचे, ते, असंच लिहिलंय. तोंड उघडलं तर घशातून आवाज निघेना. खाकरले, पाणी प्यायले, पुन्हा खाकरले. चौदा बाया बघतायत. तेव्हा मला कळलं की त्या दिवशी तू रांगेपुढे लाल होऊन उभी होतीस, तेव्हा तुला काय होत होतं. आणि मी हसले होते.

पंजाबराव. घेतलं शेवटी. एकही बाई हसली नाही. मग एकेक करून सगळ्यांनी घेतली. दोघी रडल्या. नूरजहांने सासऱ्यांचं नाव घेतलं, रहेमतुल्ला, आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड झाकलं. संध्याकाळी घरी जाऊन यांना सांगितलं, आज तुमचं नाव चौदा जणींसमोर पुकारलं. ते म्हणाले, "मग मी ओ द्यायला हवी होती." पहिल्यांदाच हसले मी महिन्याभरात.

आता खरी गोष्ट. मंगळवारी मी सावळदऱ्याला जाऊन आले. तपासणीचा अधिकार नाही, म्हणून नुसती पाहुणी म्हणून दाराशी उभी राहिले.

वर्ग बंद पडलेला नाही. केसरबाई चालवतायत. कुणी सांगितलं नाही, कमिटीहून आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन बसल्या. गोष्टी येत नाहीत त्यांना. पोरांना शेंगा सोलायला बसवतात आणि कोणी भांडलं की नुसतं बघतात. मधल्या दाराला कडी आहे. हजेरीची बावीस नावं त्यांनी या वयात पाठ केली आहेत.

केसर रोज येते. आत बसत नाही. बाहेर पायरीवर बसते, पाठ दाराकडे. घसा केव्हाच सुटलाय, पण आईशीसुद्धा ती हूं आणि ऊंहूं एवढंच बोलते.

दिवेलागणीला केसरबाई उंबऱ्यात उभ्या राहून नावं पुकारतात. बावीस नावं, बावीस ओ. मग त्या दम घेतात आणि स्वतःचंच नाव पुकारतात. "केसर!" आणि थांबतात. कुणी आवाज करत नाही. पुष्पी दोन्ही हात तोंडावर घट्ट धरून बसते. जी पोरगी हाकेशिवाय ओ देत होती, ती आता हाक मारूनही देत नाही. मग केसरबाई खाली उतरतात, तिचा हात धरतात आणि स्वतः घरी सोडून येतात. रोज असंच.

मंगळवारी त्या परत आल्यावर मी म्हटलं, मी पुकारून बघू का? त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "म्या इचारलं तिले. कोनाची हाक पाह्यजे तुले? त बोट देल्लं लोणारच्या सडकेकडं."

लोणारहून सकाळी आठची गाडी आहे. चिखलीला बदलावी लागते. मी रोज त्या वेळी स्टँडवर उभी असेन. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी नुसतं तुझं गाठोडं उचलेन. पाचच्या आत आपण सावळदऱ्याला पोचतो.

येताना ते नाव मोठ्याने घेऊन बघ. पहिल्यांदा घशात अडकतं. दुसऱ्यांदा निघतं.

तुझी
गीता